मणियार मॅडमचे सहाजण

मणियार मॅडम जंतूंना अहो-जाहो करायच्या आणि रजिस्ट्रारला अरे-तुरे. दुसरं अर्थातच पाठीमागे. पहिलं मात्र अगदी समोर उभं राहून, झाकण उघडून.

“त्यांना सदतीस डिग्री लागतं,” इनक्युबेटर नावाचं आमचं ते उबदार कपाट लावून घेत त्या म्हणायच्या. “छत्तीसला येतात, येत नाहीत असं नाही. पण नाराज असतात.” पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, कपाटात कुणी पाहुणे ठेवलेत. मग कळलं की टायफॉइडचे, हगवणीचे, गळवांचे असे सगळे पाहुणे खरंच तिथे होते आणि त्यांची सरबराई करणं हाच आमचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. एम.एस्सी., मेडिकल मायक्रोबायोलॉजी. घरी सगळे त्याला ‘जंतूंचं’ म्हणायचे. “आमची ही जंतूंचं करते,” असं आई वारज्याच्या नव्या सोसायटीत सांगायची आणि ऐकणारी बाई नकळत अर्धं पाऊल मागे सरकायची.

मॅडम ठेंगण्या होत्या. चष्मा दोरीला बांधून गळ्यात आणि चालणं असं की पांढरा अ‍ॅप्रन कायम त्यांच्या दोन पावलं मागे असायचा. त्यांच्या घरचं पेठेत बांगड्यांचं दुकान होतं, चांगलं पाच पिढ्यांचं. त्यांच्या स्वतःच्या हातात मात्र एकही बांगडी नाही. “आमच्या घराण्यानं पुण्याचे हात भरले. मी नुसते धुवायला सांगते,” असं त्या म्हणायच्या. प्रयोगशाळेच्या दाराशी एक मोठं काचेचं भांडं ठेवलेलं असे. मुलींनी बांगड्या त्यात काढायच्या, मुलांनी अंगठ्या, आणि मगच आत पाऊल टाकायचं. आम्हा सगळ्यांनाही त्या आडनावानं आणि आदरार्थीच हाक मारायच्या. मी ‘अहो कांबळे’. बाविसाव्या वर्षी कुणी अहो म्हटलं की माणूस आपोआप ताठ बसतो, हा त्यातला कावा मला फार नंतर समजला.

पहिलंच प्रॅक्टिकल हात धुण्याचं होतं. प्लेट म्हणजे काचेची उथळ, झाकणाची बशी. तिच्यात जंतूंच्या खाण्याची जेली थिजवलेली. एका अर्ध्या भागावर न धुतलेली बोटं टेकवायची, मग साबणानं खसाखसा हात धुऊन दुसऱ्या अर्ध्या भागावर टेकवायची. दुसऱ्या दिवशी बघते तर धुतलेल्या बोटांची बाजू जास्त भरलेली!

“मॅडम, साबणानं वाढले!” मी किंचाळलेच.

“वाढले नाहीत हो. आत झोपले होते, तुम्ही उठवलंत,” मॅडम शांतपणे म्हणाल्या.

आम्ही जे हसत सुटलो ते थांबेचना. मॅडमनी सगळ्यांना पाच मिनिटं बाहेर काढलं आणि मग आतून त्यांचाच हसण्याचा आवाज आला.

त्या प्लेटांचा वास घ्यायच्या. आता असं कुणी करू देणार नाही, आणि करूही नये. पण मॅडम झाकण किंचित उचलून नाकाशी न्यायच्या, डोळे मिटायच्या आणि नाव सांगायच्या. एका जातीला द्राक्षांसारखा गोडसर वास यायचा, दुसरीला नासलेल्या मासळीचा. कधीकधी तर दारातूनच म्हणायच्या, “हे आलेत वाटतं.” आणि ‘हे’ खरोखर आलेले असायचे. त्यांचा एक नियम मात्र आम्हाला झोपेतही पाठ होता. नाव प्लेटच्या बुडावर लिहायचं, झाकणावर नाही. झाकणं इकडची तिकडे होतात, बूड होत नाही. झाकणावर नाव लिहिणाऱ्याला मॅडम कधी रागावल्या नाहीत. त्या त्याच्याकडे अशा बघायच्या की तो आपणहून घरी जायचा.

आमच्या वर्गात सुरुवातीला आठजण होते. दोन हजार साल तोंडावर आलं होतं आणि सगळं पुणं कॉम्प्युटर शिकत होतं. आमच्यातल्या एकीचं लग्न झालं, नवरा अमेरिकेत प्रोग्रामर, ती गेली. दुसरा मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनच्या कंपनीत लागला. म्हणजे अमेरिकेतले डॉक्टर टेपमध्ये जे बोलतात ते इथे बसून टाइप करायचं. राहिलो सहा. त्याच आठवड्यात ऑफिसची नोटीस आली. शेवटच्या परीक्षेला सहापेक्षा कमी विद्यार्थी बसले तर पुढच्या वर्षापासून हा विषय बंद, आणि प्रयोगशाळेची खोली कॉम्प्युटर विभागाला. मॅडम तासावर नेमलेल्या. विषय गेला की त्याही गेल्या. पण त्या कधी स्वतःबद्दल बोलल्या नाहीत. त्या म्हणायच्या, “ह्यांना कुठे ठेवायचं?” आणि कपाटाकडे बघायच्या.

नोटिशीची शाई वाळायच्या आत एक सुतार टेप घेऊन आला, टेबलांची मापं घ्यायला. आमचं प्रॅक्टिकल चालू होतं.

“घ्या, घ्या मापं,” मॅडम अगदी अगत्यानं म्हणाल्या. “फक्त त्या कोपऱ्यात टायफॉइड आहेत, तिथे जरा जपून. आणि ह्या बाजूला क्षय आहेत. ते तसे शांत आहेत, पण त्यांना टेप लावलेली आवडत नाही.”

सुतारानं टेप गुंडाळली. जाताना त्यानं दाराला हातसुद्धा लावला नाही, कोपरानं ढकललं.

मॅडम रोज सकाळी आम्हाला मोजायच्या. सहलीला नेलेल्या पोरांना मोजतात तसं, बोटानं आणि मोठ्यांदा. सहा भरले की चेहरा उजळायचा. मला एकदा ताप आला तर दुपारी त्या वारज्याला घरी हजर. आई हरखून गेली, केवढ्या मायेच्या बाई! मॅडमनी माझ्या घशाचा नमुना घेतला, सरबत घेतलं आणि निघाल्या. चार दिवसांनी मी कॉलेजात गेले तर माझा घसा सगळ्या वर्गानं ओळखायला घेतलेला होता.

त्यांच्याबरोबर रक्त आणायला जाणं हा मात्र सगळ्यांवरचा कळस. काही जंतूंना जेलीत मेंढीचं रक्त लागतं. ते विकत मिळायचं, पण मॅडमना ते शिळं वाटायचं. वारज्याच्या पुढे माळावर एका धनगराचा तळ पडायचा. मॅडमच्या ओळखीचे एक गुरांचे डॉक्टर तिथे येऊन मेंढीच्या मानेतून सुईनं थोडं रक्त काढून द्यायचे. मेंढीला काही होत नसे, ती लगेच चरायला लागायची.

“हिचंच घ्या, ती पल्याडची गाभण हाय,” धनगर म्हणाला. “पर येवढं कशाला लागतंय वो बाई?”

“पाहुण्यांना,” मॅडम म्हणाल्या.

धनगरानं माझ्याकडे बघितलं. “कसलं पाव्हनं म्हनायचं हे?” त्यानं हळूच विचारलं.

रक्त फ्लास्कमध्ये घेतात, आत काचेचे मणी टाकतात आणि बराच वेळ न थांबता गोल गोल हलवत राहतात. म्हणजे गोठणारा भाग मण्यांना चिकटतो आणि बाकीचं पातळ राहतं. थांबलं की संपलं. पण मॅडमना पुढचा तास घ्यायचा होता. “इथे उभं राहून हलवायचं ते रस्त्यात हलवा,” असं म्हणून त्यांनी लूनाला पायडल मारलं. मागे मी, दोन्ही हातांत लाल भडक फ्लास्क, आणि मी तो हलवते आहे. लूना खड्ड्यातून गेली की मणी खळखळायचे आणि शेजारचा स्कूटरवाला माझ्याकडे बघून ब्रेक मारायचा.

नारायण पेठेच्या चौकात ट्रॅफिक हवालदारानं थांबवलं.

“काय आहे त्यात?”

“रक्त,” मॅडम म्हणाल्या.

माझे हात थबकले.

“अहो कांबळे, थांबू नका!”

“कुणाचं रक्त?” हवालदारांचा आवाज चढला.

“मेंढीचं. नाव विचारायचं राहिलं.”

“लायसन्स काढा, बाई.”

“काढते की. पण पर्स ह्यांच्या खांद्याला अडकलेली आहे आणि ह्यांचे हात गुंतलेत. तुम्ही जरा धरता का? असं गोल फिरवायचं, फेस येऊ द्यायचा नाही. थांबलात तर गोठेल आणि ती मेंढी मला विचारेल.”

आणि त्या भल्या माणसानं खरंच फ्लास्क हातात घेतला! भर चौकात, तोंडात शिट्टी, आणि हात गोल गोल. वाहनं आपापली जात होती, म्हणजे अडकत होती. मॅडम पर्स उपसत होत्या. लायसन्स सापडलं, हवालदारांनी बघितलंही नाही. “असं बरोबर आहे का?” ते विचारत होते.

“उत्तम,” मॅडम म्हणाल्या. “मायक्रोबायोलॉजी घेतली असतीत तर आम्ही सातजण झालो असतो.”

फ्लास्क परत घेताना मी इतकं हसू आवरत होते की पोटात कळ आली. त्या रक्ताच्या प्लेटा वर्षभरातल्या सगळ्यात सुंदर झाल्या. मॅडमनी एक प्लेट चौकात नेऊन हवालदारांना लांबून दाखवली, असं आमच्यात बोललं जायचं. मी विचारलं तर त्या म्हणाल्या, “त्यांचा हक्क होता.”

शेवटच्या सत्रात नितीन साठे यायचा बंद झाला. नितीन आमच्यातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात भित्रा. सदाशिव पेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासला त्याच्या वडिलांनी त्याला घातलं होतं. “जंतू काय, कुठेही मिळतात,” असं त्याचे वडील म्हणाले होते. सकाळी मॅडमची मोजणी पाचवर थांबायला लागली. आठवडाभर त्यांनी काही केलं नाही. मग एका दुपारी मला म्हणाल्या, “चला, साठ्यांना भेटून येऊ.”

त्या क्लासची खोली म्हणजे गाभारा होता. एसी लावलेला, पडदे ओढलेले आणि दाराबाहेर चपलांची रांग. धुळीनं मशिनं बिघडतात म्हणून चपला बाहेर. मॅडमनी चपला काढल्या, आत गेल्या, नितीनच्या मागे उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ऐकवणार. त्यांनी काहीच ऐकवलं नाही. खिशातून कापसाची निर्जंतुक काडी काढली आणि त्याच्या कीबोर्डवरून फिरवली.

“अहो, अहो, काय करताय?” क्लासचे मालक धावत आले.

“तुम्ही चपला बाहेर काढायला लावता,” मॅडम म्हणाल्या. “हात आत नेऊ देता. म्हटलं बघावं.”

नितीन कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसला होता, कान लाल. आम्ही निघून आलो. तिसऱ्या दिवशी मॅडम मला घेऊन पुन्हा तिथे गेल्या, पण जिन्यात थांबल्या आणि नितीनला खाली बोलावून घेतलं. हातात प्लेट होती.

“साठे, तुमच्या कीबोर्डवरून हे एक आलेत. मला ओळखू येत नाहीत. तुम्हाला वेळ असेल तर बघा. नसेल तर राहू दे.”

मॅडमना ओळखू येत नाहीत! नितीननं प्लेट उजेडाकडे धरली. झाकण किंचित उचललं. आणि जिन्यातच, चपला न घालता, त्यानं डोळे मिटून वास घेतला. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी प्रयोगशाळेत आणि संध्याकाळी क्लासला जायला लागला. मॅडमना ते जंतू खरंच ओळखता आले नव्हते का, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही. त्यांच्या तोंडाकडे बघून विचारावंसं वाटलं नाही.

मग परीक्षा आली. त्याआधीच नितीनला बंगळूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं पत्र आलं होतं. परीक्षा संपल्यावरच्या सोमवारी हजर व्हायचं, म्हणजे ही परीक्षा तेवढीच त्याच्या हातात होती. प्रॅक्टिकल दोन दिवसांचं. बाहेरगावचे परीक्षक येताना सहा नळ्या घेऊन आले, प्रत्येकीत वेगळे जंतू. कोणते ते फक्त त्यांना ठाऊक. नळ्यांवरच्या त्यांच्या खुणा पुसून आमचे नंबर घालायचं काम मॅडमचं, आणि कुठल्या खुणेला कुठला नंबर ते परीक्षक आपल्या यादीत टिपून घेणार. प्रत्येकानं आपल्या नळीतले जंतू प्लेटवर वाढवायचे आणि दुसऱ्या दिवशी नाव लिहून द्यायचं.

पहिल्या सकाळी मॅडमनी मोजलं. सहा. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा सहा. एवढ्या खुशीत मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. नळ्यांची मांडणी करताना त्या चक्क गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे कागद जमा झाले. परीक्षकांनी त्यांची यादी काढली आणि माझ्यापासून सुरुवात केली.

“कांबळे, तुम्ही लांबट लिहिलेत. यादीत गोल आहेत. तुम्हाला गोल आणि लांब कळत नाही?”

 दुसरा कागदही चूक, तिसराही. चौथ्याला परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. सहाही चूक! सहाजणांना एकदम काही समजलं नाही, असा वर्ग त्यांनी आयुष्यात पाहिला नसावा.

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता. “मुलांचं काही चुकलेलं नाही. चूक माझी आहे.”

नळीच्या कापसाच्या बुचावर कागदी टोपी असते. मॅडमनी नंबर त्या टोप्यांवर घातले होते. मग बुचं दमट लागली म्हणून सहाही टोप्या काढल्या, गुणगुणत गुणगुणत वाळवल्या आणि परत घातल्या. कुठली टोपी कुठल्या नळीवर गेली, कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन वर्षं आमच्या कानीकपाळी ओरडलेला नियम, त्यांनीच!

हसू यायला हवं होतं. कुणालाच आलं नाही. परीक्षक म्हणाले, “यादीच निरुपयोगी झाली. आता परीक्षा रद्द. दोन महिन्यांनी पुन्हा.” दोन महिन्यांनी नितीन बंगळूरला. म्हणजे पाच, म्हणजे विषय बंद. नितीन माझ्या शेजारी मान खाली घालून उभा होता आणि मला त्याचा, मॅडमचा, त्या टोप्यांचा, सगळ्यांचा राग आला होता.

“सर, कुठल्या नळीत कोण ते हरवलं,” मॅडम म्हणाल्या. “पण सहाजण कोण आहेत ते तुम्हाला माहीत आहे. मला नाही. मुलांचे कागद तुमच्याकडे आहेत, मी ते पाहिलेले नाहीत. सहा प्लेटा इथे आहेत. तुम्ही बघून लिहा, मी बघून लिहिते. तिन्ही कागद जुळले तर मुलांना गुण द्या. माझं काय करायचं ते नंतर ठरवा.”

परीक्षकांनी सहा प्लेटांकडे बघितलं. मग त्यांना मोह झाला, हे आम्हाला स्पष्ट दिसलं. “दहा मिनिटं,” ते म्हणाले.

“मला पाच पुरेत,” मॅडम म्हणाल्या.

प्लेटांवरून त्या सरसर गेल्या. झाकण उचल, नाक, डोळे मीट, लिही. परीक्षक भिंगातून बघत होते आणि चोरून मॅडमकडेही. कागद टेबलावर आले. पहिली जुळली, तिन्ही जुळले. दुसरी जुळली. तिसरी, चौथी, पाचवी. आम्ही एकमेकांचे हात दाबून दाबून लाल केले होते. सहावी प्लेट नितीनची. मॅडमनी लिहिलं होतं शिगेला, म्हणजे हगवणीचे. नितीननं लिहिलं होतं ई. कोलाय, म्हणजे आतड्यातले नेहमीचे.

“साठे,” परीक्षक म्हणाले, “ई. कोलाय ह्या जेलीवर गुलाबी होतात. हे पांढरे आहेत. मग?”

नितीननं प्लेट पुन्हा उजेडाकडे धरली. “सर, गुलाबी झाले नाहीत, खरं आहे. पण मी थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. शिगेला पोहत नाहीत. हे... हे पोहत होते, सर. छान पोहत होते.”

परीक्षकांनी यादी मॅडमच्या बाजूला फिरवून टेबलावर ठेवली. “ई. कोलाय,” ते म्हणाले. “गुलाबी न होणारी ही जात मी मुद्दाम आणली होती. बाई, तुम्ही फसलात.”

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला, यादी वाचली, नितीनचा कागद वाचला. आणि मग त्या उडाल्या. खरंच, दोन्ही पाय जमिनीवरून सुटले.

“मी चुकले!” त्या ओरडल्या. “अहो, मी चुकले! साठ्यांचं बरोबर आलं! पोहत होते, ऐकलंत ना? पोहत होते!” त्यांनी परीक्षकांचा हात धरून गदागदा हलवला, मग आम्हा सहाजणांचे, मग चुकून परीक्षकांचा पुन्हा. परीक्षक हसायला लागले आणि मग कुणालाच आवरेना. नितीन हसता हसता रडत होता. तेवढ्यात मॅडम गंभीर झाल्या आणि कागद ओढून त्यांनी टोप्यांची चूक स्वतःच्या सहीनं लिहून दिली. परीक्षकांनी खाली लिहिलं, सहा विद्यार्थी, सहाही उत्तीर्ण.

सोमवारी नितीन बंगळूरला गेला. विषय राहिला. मॅडमच्या त्या लेखी कबुलीचं काय होतंय, ह्याची धास्ती मला सुट्टीभर होती.

गुणपत्रिका घ्यायला मी कॉलेजात गेले तेव्हा नवं वर्ष सुरू झालं होतं. पाय आपोआप प्रयोगशाळेकडे वळले. दार उघडं होतं. आत नऊजण होते. मी दोनदा मोजले. मॅडम मधोमध उभ्या होत्या, हातात प्लेट, तोंड चालू. मी हात वर केला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, ओळखलं, ते मला कळलं.

“अहो, बाहेरच्यांनी आत यायचं नाही,” त्या म्हणाल्या. “प्रॅक्टिकल चालू आहे.”

आणि त्या परत नऊजणांकडे वळल्या. मी बाहेरची झाले होते. एवढा आनंद मला माझ्या मार्कांचाही झाला नव्हता. मी जिन्यात बसून एकटीच हसत सुटले आणि डोळे पुसायला रुमाल शोधायला लागले. मॅडमना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं. दार आतून लागलं आणि थोड्या वेळानं आत ते नऊजण एकदम हसले.